जुन्या गेम्सचा कन्सोल घरी बनवताना काटकसर कुठे करावी

माझ्या पहिल्या कन्सोलवर गेम रंगात आला की आवाज तुटायचा आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह चमकून जायचं. मेमरी कार्ड बदललं, गेम बदलला, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. दोष निघाला मोबाइलच्या जुन्या चार्जरचा. हा कन्सोल रास्पबेरी पायवर, म्हणजे एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकावर, चालतो. त्याला मिळणारं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं आणि बोर्ड आपला वेग कमी करतो. म्हणून काटकसर बोर्डात करा, पॉवर सप्लायमध्ये अजिबात नको. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीला, म्हणजे पाय ३ ला, ५ व्होल्ट २.५ अँपियरचा, पाय ४ ला ३ अँपियरचा सप्लाय घ्या.

बोर्ड वापरलेला पाय ३ असला तरी चालतो. निन्टेंडोचे ८ आणि १६ बिटचे गेम, सेगा मेगा ड्राइव्ह आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बरेचसे गेम तो आरामात खेळवतो. निन्टेंडो ६४ साठी पाय ४ बरा, पण तिथेही प्रत्येक गेम नीट चालेलच असं नाही.

३२ जीबीचं चांगलं मायक्रोएसडी मेमरी कार्ड घ्या. संगणकावरच्या रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्ये रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवणारी मोफत सिस्टिम, निवडून ती कार्डावर लिहून घ्या. पाय ५ असेल तर रेट्रोपायची तयार इमेज (कार्डावर थेट लिहायची फाइल) नाही, बाटोसेरा किंवा रिकॅलबॉक्स या तशाच सिस्टिम घ्या. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात. टीव्हीची वायर पॉवरच्या शेजारच्या पोर्टला लावा. टीव्हीवर गेम मोड असेल तर तो आधी चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर कंट्रोलरचं एकेक बटण विचारलं जाईल. जे बटण तुमच्याकडे नाही, तिथे कुठलंही बटण दाबून धरा, पुढे सरकतं. हॉटकीसाठी, म्हणजे दुसऱ्या बटणासोबत दाबून खास काम करून घेणाऱ्या बटणासाठी, सिलेक्ट ठेवा. मग सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबलं की गेममधून बाहेर पडता येतं.

गेम घालायला एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर रेट्रोपाय (retropie) नावाचं रिकामं फोल्डर बनवा. नाव इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान. पेनड्राइव्ह बोर्डाला लावा, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. आत प्रत्येक मशीनचं फोल्डर तयार होतं, त्यात संगणकावरून गेमच्या फाइल टाकून पेनड्राइव्ह पुन्हा बोर्डाला लावा. गेम मात्र ज्यांचे हक्क तुमच्याकडे आहेत तेच घाला. हौशी मंडळींनी जुन्या मशीनसाठी नव्याने बनवलेले आणि मोफत दिलेले गेमही आहेत, आणि त्यातले काही फार सुंदर आहेत.

आता बंद करण्याविषयी, कारण इथे माझ्या मुलीची आठवडाभराची मजल वाया गेली. गेमच्या आत केलेलं सेव्ह बहुतेक वेळा गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर लिहिलं जातं. तिने सेव्ह केलं, मी प्लग काढला, सगळं गेलं. वर कार्डही बिघडू शकतं. म्हणून आधी गेममधून बाहेर या, स्टार्ट दाबून मेनूतून शटडाउन करा, बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबू द्या, आणि मगच प्लगला हात लावा.