हिवाळ्यातली चारधाम यात्रा: देव खाली येतात तेव्हा कसं जायचं

दिवाळी झाली की उत्तराखंडातलं चारधाम, म्हणजे गंगोत्री, यमुनोत्री, केदारनाथ आणि बद्रीनाथ, संपलं असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात, आणि आई-बाबांना न्यायचं पुढच्या मे वर ढकलतात, मग मे मध्ये ती गर्दी, केदारनाथची सोळाएक किलोमीटरची चढण, घोडे, हेलिकॉप्टरची तिकिटं, आणि शेवटी गुडघ्यांमुळे बेत रद्द. माझं कळकळीचं सांगणं आहे की गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर हिवाळ्यातच जा. वरची देवळं थंडीत बंद असतात त्या सहा महिन्यांत देव खालच्या गावांत असतात, तिथे रोज पूजा होते आणि गाडी देवळाच्या बऱ्यापैकी जवळ जाते.

आधी कोण कुठे असतं ते बघा. गंगोत्रीचं देऊळ अन्नकूटाला म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला बंद होतं आणि गंगामाईची डोली मुखबा गावात येते, हर्सिलजवळ. यमुनोत्री भाऊबीजेला बंद होतं, कारण यम आपल्या बहिणीकडे येतो तो हाच दिवस, आणि यमुनामाई खरसाली गावात येते. केदारनाथही भाऊबीजेलाच बंद. वरचं स्वयंभू लिंग अर्थात जागेवरच राहतं, पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून निघते, रामपूर, गुप्तकाशी असे मुक्काम करत उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात पोचते. बद्रीनाथ सगळ्यात शेवटी, नोव्हेंबरमध्ये. बंद करताना जवळच्या माणा गावच्या बायकांनी विणलेलं लोकरीचं कांबळं तुपात भिजवून बद्रीविशालाच्या अंगावर घालतात, मग उद्धव आणि कुबेर यांच्या मूर्ती खाली पांडुकेश्वरला येतात आणि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चारही ठिकाणं एका दमात करायला जाऊ नका. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधार पडतो, सकाळी वळणांवर दव गोठलेलं असतं, म्हणजे गाडी चालवायला साधारण नऊ ते चार एवढाच वेळ धरा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर उखीमठ आणि पांडुकेश्वर ही जोडी करा, रस्ता चांगला आहे आणि उंचीही कमी, उखीमठ साधारण तेराशे मीटरवर आहे. मुखबा आणि खरसाली अडीच हजार मीटरच्या आसपास, तिथे थंडी खरंच कडक आणि बर्फ पडला की रस्ता अडतो.

रूट असा. मुंबई-पुण्याहून विमानाने डेहराडून किंवा ट्रेनने हरिद्वार, मग ऋषिकेशला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून देवप्रयाग, श्रीनगर (गढवालमधलं, काश्मीरचं नव्हे), रुद्रप्रयाग करत उखीमठ, अंतर १८० किलोमीटरच्या आसपास पण दिवस जातोच. एक रात्र नाही, दोन रात्री राहा. संध्याकाळची आरती आणि सकाळची पूजा दोन्ही मिळतात, आणि गर्दी नसल्यामुळे मूर्तीसमोर निवांत बसता येतं, मे मध्ये हे सुख नाही. बाणासुराची मुलगी उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचं लग्न इथे झालं असं मानतात. दिवसा समोरच्या डोंगरावरचं गुप्तकाशी करा, हाताशी वेळ असेल तर तुंगनाथ या वरच्या शिवमंदिराची हिवाळी गादी असलेलं मक्कूमठही.

उखीमठहून चोपता-गोपेश्वर मार्गे जोशीमठकडे जाणारा रस्ता नकाशावर जवळचा आणि देखणा दिसतो, पण बर्फ पडला की चोपत्याला गाड्या अडकतात. ड्रायव्हर नको म्हणाला तर हट्ट करू नका, रुद्रप्रयागला परत उतरून कर्णप्रयाग, चमोली करत जोशीमठला जा. वेळ जास्त लागतो पण म्हातारी माणसं सुखरूप पोचतात. वाटेतल्या गोपेश्वरला रुद्रनाथ, हेही वरच्या देवळातले शंकरच, हिवाळ्यात असतात, चमोलीहून ते फार लांब नाही. पांडुकेश्वर जोशीमठच्या पुढे वीसेक किलोमीटर, बद्रीनाथच्याच रस्त्यावर. जोशीमठमध्ये २०२३ च्या जानेवारीत जमीन खचून कित्येक घरांना तडे गेले होते, त्यामुळे मुक्कामाची जागा स्थानिकांना विचारून ठरवा.

गाडी डोंगरातल्याच ड्रायव्हरची घ्या, यात पैसे वाचवू नका. त्याला रस्ते माहीत असतात, कुठे सावलीतलं वळण सकाळी निसरडं असतं हेही माहीत असतं. ऋषिकेश सोडायच्या आधी एटीएममधून कॅश काढून ठेवा. रूम बुक करताना गीझर आहे का एवढंच विचारून थांबू नका, लाइट गेली तर गरम पाण्याची बादली मिळेल का ते विचारा.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा थर घाला, आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. आणि लोकरीच्या मोज्यांचे दोन-तीन जास्तीचे जोड, कारण चपला बाहेर काढल्यावर देवळाचं दगडी आवार इतकं गार असतं की पाय बधिर होतात. दमा, बीपी, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, औषधं थोडी जास्तीची घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. वाटेवर मोठं हॉस्पिटल म्हणजे श्रीनगरचं मेडिकल कॉलेज आणि ऋषिकेशचं एम्स.

जेवणाची काळजी नको, तिकडची मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीचीच भाकरी आणि गहत म्हणजे कुळीथ, कोकणातल्या माणसाला तर घरीच जेवल्यासारखं वाटेल. गरम गरम मागून खा.

कधी जायचं? नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरचा मध्य उत्तम, आकाश स्वच्छ आणि बर्फ बहुतेक वरच. जानेवारी-फेब्रुवारीत हवामान बघूनच निघा. महाशिवरात्रीला उखीमठला पोचता आलं तर फारच छान, त्या दिवशी तिथे केदारनाथ कधी उघडणार ती तारीख पंचांग बघून जाहीर करतात, मात्र तेव्हा गर्दी असते, रूम आधीच धरून ठेवा. परतीचं विमान पहाडातून उतरल्याच दिवशीचं काढू नका, ऋषिकेशला एक रात्र मोकळी ठेवा, रस्ता अडला तर ती रात्र उपयोगी पडते आणि नाही अडला तर आई-बाबांना निवांत गंगाआरती मिळते.