रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाची रचना सुरक्षित आहे का, हे कसे ठरवावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत परवान्याच्या शस्त्राचा विषय निघाला, की तो बहुधा 'सेफ्टी आहे ना, मग झाले' या वाक्यावर संपतो. वास्तविक वाद तेथून सुरू व्हायला हवा.

पहिला प्रश्न असा विचारावा, की चाप (ट्रिगर) ओढला नसताना केवळ शस्त्र पडल्याने गोळी सुटू शकते का. कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीची) टोचणी थेट काडतुसावर येत असे, म्हणून जाणकार त्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणलेल्या ट्रान्स्फर बारमुळे, म्हणजे आघात पुढे नेणाऱ्या मधल्या पट्टीमुळे, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात फायरिंग पिनपर्यंत (काडतुसावर आदळणाऱ्या टोचणीपर्यंत) पोहोचतच नाही. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नसला, तरी पिन अडवणारा अडसर आत असतो. मात्र नवी रचना म्हणजे निर्दोष रचना नव्हे: विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते असे दिसल्यावर सिग साउअर कंपनीला २०१७ मध्ये पी३२० या पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर करावी लागली.

मग चाप किती जड आहे आणि किती अंतर मागे जातो, ते पाहावे. हलका चाप आणि मऊ, सैल म्यान (होल्स्टर) ही जोडी मला सर्वांत धोक्याची वाटते. पुष्कळदा दोष पिस्तुलाला दिला जातो आणि चूक चाप न झाकणाऱ्या म्यानाची असते.

आपल्याकडे ९ मिमी काडतुसाचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने चर्चा बहुधा .३२ (इंचातले माप) रिव्हॉल्व्हरचीच असते. वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर घरी पाडून पाहू नये. परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे.