ॲरेथाची मैफल बसवायची तर

अमेरिकन सोल गायिका ॲरेथा फ्रँकलिनच्या गाण्यांची मैफल बसवताय, तर तुमच्या गायिकेला पहिल्याच तालमीत सांगा, ॲरेथाची नक्कल करायची नाही. मी पियानो वाजवतो, जॅझ बँडही मीच बांधतो, आणि पहिल्या खेपेला हा घोळ मीच घातला होता. रेकॉर्ड लावून एकेक हरकत घोटून घेतली, पट्टीही मूळचीच ठेवली. तिसऱ्या गाण्यात बिचारीचा आवाज बसला. आता आधी तिची पट्टी ठरते, मग मी चार्ट, म्हणजे वादकांसाठीचे स्वरलिपीचे कागद, लिहायला घेतो.

पट्टी ठरवताना टेनर सॅक्सवाल्यालाही (सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला) विचारा. त्याचे सूर कागदावर एक सूर वर लिहितात, म्हणून तुमची ई पट्टी त्याच्या कागदावर एफ-शार्प होते, म्हणजे सहा शार्प (चढे सूर). गायिकेला अर्धा सूर वर किंवा खाली चालत असेल, तर त्याच्या वाट्याला एखादाच शार्प किंवा फ्लॅट (उतरा सूर) येतो. त्याचा सोलो (एकट्यानं वाजवायचा तुकडा) लगेच मोकळा होतो.

गाणी निवडताना सगळे १९६७ नंतरच्या हिट गाण्यांवर तुटून पडतात. जॅझवाल्यांनी थोडं मागं जावं. १९६१ मध्ये ॲरेथाचा अल्बम आला तो पियानिस्ट रे ब्रायंटच्या कॉम्बोसोबत, म्हणजे छोट्या जॅझ बँडसोबत. डिसेंबर १९६३ मध्ये गायिका डायना वॉशिंग्टन गेली आणि १९६४ मध्ये ॲरेथाचा डायनाला वाहिलेला अल्बम आला. तो सगळ्या बँडला ऐकवा. गाणी डायनाची, पण गळा पहिल्या ओळीपासून ॲरेथाचाच.

‘रिस्पेक्ट’ मात्र टाळू नका, लोक सोडणार नाहीत. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. ‘रिस्पेक्ट’ची इंग्रजी अक्षरं सुटी करून म्हणणं ॲरेथाच्या गाण्यात आलं, आणि मागे कोरसला तिच्या बहिणी. त्यामुळे कोरसला दोन तरी आवाज हवेतच. ते काम ट्रंपेटवर ढकललं की गाणं पोकळ वाटतं. मध्ये सॅक्सवादक किंग कर्टिसचा टेनर सोलो येतो, तिथल्या कॉर्ड्स सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या एका गाण्यातून उचललेल्या आहेत. मूळ रेकॉर्डवर ही जागा इवलीशी आहे. लांबवायची असेल तर हीच लांबवा. प्रत्येक गाण्यात चौघांचे सोलो ठेवलेत, तर गायिका अर्धा वेळ टाळ्या वाजवत उभी राहील.

ॲरेथाचं ‘नॅचरल वुमन’ बारा-आठच्या झोक्यातलं आहे, म्हणजे चार ठोके आणि प्रत्येकाचे तीन भाग. ते चार-चारच्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या नेहमीच्या चार ठोक्यांच्या चालीत, कोंबू नका. बेसवाल्याला वॉकिंगचा, म्हणजे दर ठोक्याला एक सूर चालवत नेण्याचा, मोह होतो, तो तालमीतच मोडा.

पाऊण-पाऊण तासाचे दोन सेट, प्रत्येकी सात गाणी. निवेदन तोकडं ठेवा. ॲरेथा १६ ऑगस्ट २०१८ ला गेली हे ऐकायला कुणी तिकीट काढलेलं नसतं.

ॲरेथा स्वतः पियानो वाजवत गायची. म्हणून एक गाणं फक्त आवाज आणि पियानो असं ठेवा. गायिकेला वाजवता येत असेल, तर तुम्ही उठा आणि जागा तिला द्या. त्या गाण्यापुरती बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवायची, ड्रमरनं ब्रशसुद्धा (हळू वाजवायच्या तारांच्या कुंचल्या). ब्रश हातात राहिले की चौथ्या ओळीला तो शिरतोच.