उथळ किनारी पाण्यातील कयाक-मासेमारी: निघण्यापूर्वीची तयारी

कमरेएवढ्या पाण्यात काय होणार आहे, असे म्हणून कयाकवरून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीवरून) मासेमारीला निघणाऱ्याची तयारी बहुधा रॉड आणि आमिषांपाशीच संपते. वास्तविक उथळ पाण्यात पहिला विचार वेळेचा करावा लागतो, कारण येथे पाणी कोठे आहे यापेक्षा ते आणखी किती वेळ तेथे राहणार आहे हे महत्त्वाचे ठरते. म्हणून सामानाला हात लावण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता समोर घ्यावा.

बहुतेक किनाऱ्यांवर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आजची वेळ उद्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मात्र या काळात पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. ढोबळ हिशेब असा, की ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन बारांश आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन बारांश पाणी ओसरते. उतार तीन मीटरचा असेल आणि पूर्ण भरतीला एखाद्या चिखलाच्या पट्ट्यावर एक मीटर पाणी असेल, तर पहिल्या दोन तासांत ७५ सेंटिमीटर पाणी जाते. उरलेले २५ सेंटिमीटर मात्र वीस मिनिटांत संपते आणि दहा-बारा सेंटिमीटर पाण्यावर तरंगणारी कयाक त्याच्याही आधी तळाला टेकते. अशा वेळी खाली उतरून ओढत नेण्याचा मोह आवरावा, कारण मऊ चिखलात मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला एकट्याने बाहेर येणे अत्यंत कठीण जाते. कयाकमध्येच बसून पुढच्या भरतीची वाट पाहणे हाच मार्ग उरतो. त्यामुळे अनोळखी जागी ओहोटी संपता संपता निघावे आणि चढत्या पाण्यात मासेमारी करावी, म्हणजे कयाक अडकलीच तरी पाणी तिला उचलते. मासेही याच वेळी खेकडे आणि कोळंबीच्या मागे उथळ भागात शिरतात, त्यामुळे यात तोटा काहीच नाही. पहिली फेरी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला न ठेवता अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत ठेवावी. तेव्हा चढ-उतार कमी असतो आणि प्रवाहाची ओढही कमी.

वाऱ्याचा अंदाज तासवार पाहावा. दुपारकडे समुद्रावरून येणारा वारा वाढत जातो आणि तो ओहोटीच्या प्रवाहाला समोरून भिडला, की खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. त्याहून फसवा वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई; किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसते आणि परत वळेपर्यंत त्याचा जोर कळत नाही. नवख्याने वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर जाणार असेल तर बेत रद्द करावा.

कयाकचे तळाकडचे बूच, झाकणांची रबरे आणि पाणी निघून जाण्याच्या छिद्रांभोवतीचा भाग आदल्या दिवशी उजेडात तपासावा, कारण केसाएवढ्या भेगा तेथेच पडतात. उलटलेली कयाक सरळ करून पोटावर सरपटत वर चढण्याचा सराव किनाऱ्यालगत, अंगावर पूर्ण पेहराव असताना झालेला असावा. हा सराव नसेल तर यादीतील बाकीच्या वस्तूंना फारसा अर्थ राहत नाही. लाइफ जॅकेट अंगात घट्ट बांधलेले असावे, मागे अडकवून ठेवलेले नव्हे. शिट्टी, सुरी आणि पाण्यावर तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवर वापरतात तो बिनतारी संच) जॅकेटलाच बांधावा, कयाकला नाही. माणूस आणि कयाक वेगळे झाले तर रेडिओ माणसाजवळ हवा. संकटाची हाक १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यायची असते. कपडे हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानाला धरून निवडावेत, आणि बूट जाड तळाचे असावेत, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. उथळ वाळूत उतरावे लागलेच तर पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते. पाकटाचा किंवा शिंगाळा माशाचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. त्यासाठी एक थर्मास सोबत नेणे अतिरेकी वाटले तरी मी तो यादीत ठेवतो. जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवावेच.

नांगर दीड किलोचा पुरतो, पण त्याची दोरी कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच यावी. बाजूला बांधलेला नांगर वाहत्या पाण्यात कयाक आडवी धरून उलटवतो. मीटरभर पाण्यात तर नांगरापेक्षा तळात रोवायची काठी सोयीची आणि बिनआवाजाची असते.

मासेमारीचे सामान कमीत कमी घ्यावे. सुमारे दोन मीटरचे दोन रॉड, विणलेला बारीक दोरा, टोकाला तंगुसाचा (नायलॉनच्या एकेरी दोऱ्याचा) तुकडा आणि सात ते चौदा ग्रॅमची थोडी शिसे एवढ्यावर दिवस निघतो. गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीने चेपून सपाट करावा, कारण मांडीलगत फडफडणाऱ्या माशाच्या तोंडातला गळ आपल्या हातात शिरायला क्षण पुरतो. पकड आणि आखूड दांड्याची जाळी बसल्या जागी हाताला लागतील अशी बांधावीत. पाण्यावरची चकाकी अडवणारा ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा चष्मा हवाच, त्याशिवाय तळ दिसत नाही. पिण्याचे पाणी दोन-तीन लिटर घ्यावे. परवाना, संरक्षित क्षेत्रे आणि माशांच्या किमान लांबीचे नियम त्या त्या ठिकाणचे असतात, ते आधी पाहून घ्यावेत.

शेवटी किनाऱ्यावरच्या एका व्यक्तीकडे चिठ्ठी ठेवावी: कोठून निघणार, कोणत्या बाजूला जाणार, कयाकचा रंग कोणता, किती वाजता परतणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत मागवायची. परत आल्यावर कयाक धुण्याआधी त्या व्यक्तीला कळवावे.