विंडमिल पिचिंगचा वेग: आधी नीट मोजा, मग वाढवा

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी खेळाडू म्हणजे पिचर. ती हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून टाकते, ते विंडमिल पिचिंग. बारा वर्षांच्या एखाद्या मुलीचा चेंडू शनिवारी ताशी ८३ किमी दिसतो आणि रविवारी ७५. घरचे काळजीत पडतात, प्रशिक्षक तंत्र बदलायला घेतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं, की शनिवारी रडार (वेग मोजणारं यंत्र) होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभी असते तिथल्या पट्टीच्या, मागे होतं आणि रविवारी ते धरणारा माणूस पाच मीटर बाजूला, पहिल्या बेसच्या अंगाला जाऊन उभा राहिला. मोजणी अशी डळमळीत असेल तर सरावाने वेग वाढला की नाही, हे कधीच कळणार नाही. म्हणून सुरुवात मोजणीपासून.

रडार कुठे धरायचं

रडारला फक्त त्याच्याकडे सरळ येणारा किंवा त्याच्यापासून सरळ दूर जाणारा वेग कळतो. चेंडूच्या रेषेपासून तुम्ही जितके बाजूला, तितका आकडा कमी. खरा वेग ८३ असेल तर १० अंशांच्या कोनातून साधारण ८२ दिसतो, २० अंशांतून ७८ आणि २५ अंशांतून ७५. म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही, पण पंधरा अंशांच्या पुढे चूक झपाट्याने वाढते. कोनामुळे आकडा नेहमी कमीच येतो, जास्त कधी येत नाही. अचानक मोठा आकडा दिसला तर रडारने बॅटवरून परतलेला चेंडू किंवा मागच्या रस्त्यावरची गाडी पकडली असण्याची शक्यता जास्त.

उत्तम जागा दोन: कॅचरच्या (होम प्लेटमागे चेंडू झेलणारीच्या) मागे जाळीपलीकडे, किंवा पिचरच्या मागे सरळ रेषेत. उंची कमरेएवढी, कारण विंडमिलचा चेंडू मांडीजवळून सुटतो. हातात धरण्यापेक्षा ट्रायपॉडवर लावा आणि त्याच्या पायांच्या जागी जमिनीवर चुन्याने खुणा करा. पुढच्या महिन्यात त्याच खुणांवर उभं करायचं आहे.

आणखी एक गोष्ट. चेंडू हवेच्या विरोधामुळे वाटेत मंदावतो. सुटताना ८३ असलेला चेंडू होम प्लेटपाशी साधारण ७६ वर आलेला असतो. एक रडार सुटतानाचा वेग दाखवतं, दुसरं वाटेत पुढे पकडतं. त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एका वहीत मिसळू नका.

रडार नसेल तर मोबाइल

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांकडे रडार नसतं, आणि त्यावाचून अडतही नाही. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो मोशन कॅमेरा, मोजपट्टी आणि जाड चादर किंवा ताडपत्री एवढं पुरतं.

पिचिंगचं अंतर पिचिंग प्लेटच्या (पिचर जिथून चेंडू टाकते त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. अमेरिकेतल्या मुलींच्या क्लब सॉफ्टबॉलमध्ये दहा वर्षांखालच्या गटाला ३५ फूट (१०.६७ मीटर), बारा वर्षांखालच्यांना ४० फूट (१२.१९ मीटर) आणि त्यापुढे ४३ फूट (१३.११ मीटर) असं ते असतं. आपल्याकडच्या शालेय स्पर्धेचं अंतर त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात बघून घ्या.

ताडपत्री बरोबर होम प्लेटच्या मागच्या टोकावर टांगा. कॅचरच्या ग्लोव्हवर मोजू नका, तो दर चेंडूला पुढेमागे होतो. आता चेंडू सुटतो कुठे ते शोधायचं. पिचिंग प्लेटपासून पुढे दोन मीटरपर्यंत दर दहा सेंटीमीटरवर खडूच्या रेघा मारा आणि बरोबर बाजूने, काटकोनात उभं राहून पाच-सहा चेंडू टिपा. समजा, चेंडू पिचिंग प्लेटच्या १.७ मीटर पुढे सुटतोय. मग ४० फुटांच्या मैदानावर त्याचा प्रवास १२.१९ वजा १.७, म्हणजे सुमारे १०.५ मीटर.

वेळ मोजण्यासाठी दुसरं चित्रण करा. मोबाइल पिचरच्या तिरपा मागे ठेवा, म्हणजे हात आणि ताडपत्री दोन्ही दिसतील. बोटं सुटल्याची फ्रेम आणि ताडपत्री हलल्याची फ्रेम, यांच्यामधल्या फ्रेम मोजा. सूत्र असं: मीटरमधलं अंतर गुणिले २४०, भागिले फ्रेमची संख्या, गुणिले ३.६. समजा ११३ फ्रेम आल्या, तर १०.५ × २४० ÷ ११३ × ३.६ = ताशी ८०.३ किमी. ही प्रवासातली सरासरी झाली. सुटतानाचा वेग यापेक्षा साधारण चार टक्के जास्त, म्हणजे ८३-८४ धरावा. मैलांत हवा असेल तर १.६०९ ने भागा.

इथे चुका कुठे होतात, तेही बघा. एक फ्रेम चुकली तर ०.७ किमीचा फरक पडतो, तो चालेल. पण साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात चौदा की पंधरा एवढ्याशा गोंधळाने ८१ चे ७५.६ होतात, म्हणून ते वापरूच नका. अंतरात दहा सेंटीमीटर चुकले तर साधारण ०.८ किमी. आवाजावरून चेंडू आदळल्याची वेळ धरणं ही सगळ्यात फसवी चूक. दहा मीटरवरून आवाज यायला ०.०३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात सात फ्रेम निघून जातात. डोळ्यांनी ताडपत्रीच बघा. काही मोबाइल कमी फ्रेम टिपून मधल्या स्वतः भरतात. खात्री करायची तर स्टॉपवॉच चालू असलेला दुसरा मोबाइल टिपा आणि त्याच्या एका सेकंदात खरोखर २४० वेगळ्या फ्रेम येतात का ते मोजा.

चाचणीचा दिवस

चाचणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कधीच नाही. दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं, पंधरा-वीस चेंडू वाढत्या जोराने टाकायचे, मग दहा चेंडू पूर्ण ताकदीने, प्रत्येकाआधी वीस सेकंद थांबून. वहीत दोन आकडे लिहा: दहांची सरासरी आणि त्यातल्या स्ट्राइकची (फलंदाजाच्या टप्प्यात नेमक्या पडलेल्या चेंडूंची) सरासरी. एकच मोठा आकडा कौतुकाला ठीक आहे, प्रगती सरासरीत दिसते. चेंडूही दर वेळी तोच घ्या. बारा इंची (घेर बारा इंच) चेंडूचं वजन १७८ ते १९८ ग्रॅम असू शकतं, म्हणजे नियमात बसणाऱ्या दोन चेंडूंतही वीस ग्रॅमचा फरक पडू शकतो, आणि दवात भिजलेला चामड्याचा चेंडू त्याहून जड होतो.

तुलनेसाठी ढोबळ अंदाज द्यायचा तर अमेरिकी क्लबांत खेळणाऱ्या बारा वर्षांखालच्या पिचर बहुधा ताशी ६८ ते ८० किमीत असतात, चौदाखालच्या ७७ ते ९० मध्ये. दुसऱ्या टोकाला मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ७७ मैलांचा, म्हणजे १२४ किमीचा चेंडू टाकला होता. तिच्याच टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्सने २०२५ मध्ये ७९.४ मैल, म्हणजे जवळपास १२८ किमी गाठले. मुलीची तुलना मात्र तिच्याच मागच्या महिन्याशी करा.

वेग कुठे गळतो ते शोधा

मोजणीचा खरा उपयोग इथे आहे. चाचणीत तीन प्रकारचे चेंडू मोजा, प्रत्येकी पाच. पहिला प्रकार: पुढचा पाय आधीच टाकलेला, चेंडूचा हात घड्याळातल्या बाराच्या जागी, छाती तिसऱ्या बेसकडे (उजव्या हाताच्या पिचरसाठी), आणि तिथून फक्त हात खाली आणून टाकायचा. दुसरा: नेहमीचं पूर्ण पिचिंग. तिसरा: पिचिंग प्लेटच्या मागून दोन-तीन पावलं चालत येऊन टाकलेला.

चालत येऊन टाकलेला चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा थोडा वेगवान यायला हवा. तो बराच जास्त आला, तर हात चांगला आहे, पिचिंग प्लेटवरून पायाचा रेटा कमी पडतोय. अजिबात जास्त आला नाही, तर पायांनी आणलेला जोर पुढे पोचतच नाही: पुढचा गुडघा वाकून खचतोय किंवा हात मागे रेंगाळतोय. पहिल्या प्रकाराचा आणि पूर्ण पिचिंगचा वेग जवळजवळ सारखा असेल, तर पाऊल नुसतं पडतंय, त्याने काही मिळत नाही. पहिल्या प्रकारातच चेंडू फार मंद असेल, तर दुखणं हाताच्या चाबकात आहे. पायाच्या कसरतींत महिने घालवण्याआधी हे कळलेलं बरं.

हाताचा चाबूक

क्रिकेट खेळून आलेल्या मुली कोपर ताठ ठेवतात, कारण गोलंदाजीत तसंच शिकवलेलं असतं. इथे ते वेगाला मारक आहे. बारावरून खाली येताना कोपर किंचित वाकलेलं, सैल हवं. आधी दंड खाली येतो, कोपर कमरेपाशी पोचतं, कोपरापुढचा हात मागून येतो आणि शेवटी मनगट व तळवा आत वळतात. सुटण्याच्या क्षणी पुढच्या हाताची आतली बाजू कंबर-मांडीला हलकेच घासून जाते. हा स्पर्श दंडाला रोखतो आणि चेंडू पुढे भिरकावला जातो. चेंडू सोडल्यावर कोपर मुद्दाम उचलून हात खांद्यापर्यंत नेण्याची जुनी शिकवण अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. तिने हात ताठ राहतो, ती सोडून द्या. तासन्‌तास नुसतं मनगट झटकण्याचा सरावही निष्फळ आहे. मनगटाचा झटका हा वरच्या साखळीचा परिणाम असतो.

पाऊल साधारण मुलीच्या उंचीइतकं किंवा थोडं कमी पडावं आणि पिचिंग प्लेट ते होम प्लेट या रेषेवरच पडावं. रेषा ओलांडून आत पडलं की कंबरच हाताच्या आड येते आणि हात वळसा घालून जातो. पंजा साधारण ४५ अंशांत वळलेला असावा. पुढचा पाय टेकताच घट्ट राहिला पाहिजे, कारण शरीर थांबल्यावरच हात सुटतो. धड कॅचरकडे वाकलेलं दिसलं तर तो जोर वाया गेला. मागचा पाय फरफटत पुढे यावा. हवेतून पुढे जाऊन तो पुन्हा रोवून ढकलणं नियमबाह्य आहे.

आठवडा कसा लावायचा

पिचिंगचे दिवस तीन, मध्ये किमान एक दिवस मोकळा. त्यातला एक दिवस फक्त वेगाचा. त्या दिवशी सहा-सात मीटरवर जाळी लावा आणि स्ट्राइक विसरून पूर्ण जोराने टाकू द्या: पहिल्या प्रकाराचे १०, चालत येऊन १०, पूर्ण १५ ते २०. दर चेंडूनंतर आकडा मुलीला लगेच सांगा. आकडा समोर असला की मुली आपोआप जास्त जोर लावतात. मंदावू लागल्या की थांबा. दमलेल्या हाताने टाकलेले पन्नास चेंडू मंद हालचालच पक्की करतात. नेमकेपणाचा सराव दुसऱ्या दिवशी.

बारा-तेरा वर्षांपर्यंत जड चेंडू देऊ नका. त्याऐवजी दर तिसरा चेंडू अकरा इंची घ्या, तो बारा इंचीपेक्षा हलका असतो आणि हात जलद फिरायला शिकतो. चौदानंतर, तंत्र बसलेलं असेल तरच, २१० ते २२० ग्रॅमचा चेंडू, एका वेळी दहा-बारा.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावरच्या बैठका, लांब उडी, वीस मीटरच्या धावा, एक-दोन किलोचा मेडिसिन बॉल कमरेतून बाजूला फेकणं आणि खांद्यामागच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा.

मुलगी काही महिन्यांत चार-पाच सेंटीमीटर उंच झाली की वेग अडकतो, कधी घसरतो. अशा वेळी चेंडू सुटण्याची जागाही बदललेली असते, अंतर पुन्हा मोजा. अकरा इंची चेंडूवरून बारावर जाताना होणारी घटही तात्पुरती असते.

खालून टाकण्याने खांद्याला त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या स्नायूचा कंडरा जिथे चिकटतो तिथे मोठा ताण येतो. बारा वर्षांखालच्या मुलीला सामने, सराव आणि अंग गरम करणं धरून एका दिवसात नव्वदच्या पुढे चेंडू टाकू देऊ नका आणि सलग तिसऱ्या दिवशी पिचिंग नको. स्पर्धेत एकच पिचर सगळे सामने खेळते, तिथे हे पाळणं अवघड जातं, म्हणून संघात दुसरी पिचर हंगामाच्या आधीपासून तयार करा. खांद्याच्या पुढे दुखतंय असं मुलगी म्हणाली तर त्याच चेंडूवर थांबवा. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही दुखणं परतलं तर डॉक्टरांना दाखवा आणि त्या महिन्याच्या चाचणीचा रकाना रिकामा सोडा.