दोन देशांच्या कोळशाची किंमत कशी तुलना करायची, नुसता टन गुणिले भाव करू नका

माझी भाची एमए इकॉनॉमिक्सला आहे, कोथरूडला आमच्याकडेच राहते. प्रोजेक्ट होता भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या कोळशाच्या साठ्याची किंमत, 2010 ते 2020. तिने एक्सेलमध्ये टन गुणिले भाव केलं आणि म्हणाली, मामा झालं. मग आम्ही दोघं तीन रविवार त्यावर बसलो, त्यातून जी पद्धत जमली ती लिहितोय, कारण हीच चूक बातम्यांतही सर्रास दिसते.

आधी बघा की आकडा रिसोर्सचा (जमिनीत असेल तो सगळा कोळसा) आहे की रिझर्व्हचा (त्यातला खात्रीचा आणि काढायला परवडणारा). आपला जिऑलॉजिकल सर्व्हे 1 एप्रिल 2023 ला 378 अब्ज टन सांगतो, पण तो 1200 मीटर खोलीपर्यंतचा सगळा कोळसा, त्यात नुसता अंदाजावरचाही आला. ब्रिटिश तेल कंपनी बीपीच्या वार्षिक आकडेवारीत (2023 पासून ती एनर्जी इन्स्टिट्यूट काढते) 2020 अखेर भारताचा प्रूव्हड साठा, म्हणजे रिझर्व्ह, 111 अब्ज टन, ऑस्ट्रेलियाचा 150 अब्ज. एका देशाचा रिसोर्स आणि दुसऱ्याचा रिझर्व्ह घेतला तर पुढचं सगळं गणित वाया.

दुसरं म्हणजे हे आकडे वर्षागणिक बदलतात, आणि खोदण्यामुळेच बदलतात असं अजिबात नाही. 2010 अखेर त्याच आकडेवारीत भारत 60 अब्जांच्या आसपास होता आणि ऑस्ट्रेलिया 76, म्हणजे दहा वर्षं दोघंही जोरात खोदत होते तरी साठा जवळपास दुप्पट! जमिनीत कोळसा उगवला नाही, मोजायची पद्धत आणि माहिती बदलली. जर्मनीत उलटं झालं, 2004 च्या सुमारास दगडी कोळशाचा साठा 23 अब्ज टनांवरून थेट 20 कोटींच्याही खाली आणला, कारण एवढ्या खोलवरचा कोळसा काढणं परवडतच नव्हतं. म्हणून किंमत वाढली की घटली हे सांगताना किती बदल फेरमोजणीमुळे, किती खोदल्यामुळे आणि किती भावामुळे, हे तीन कॉलम वेगळे ठेवाच.

आता दर्जा, आणि खरी गंमत इथे आहे. वेल्ह्याच्या डोंगरातला एकर आणि बाणेरला रस्त्यालगतचा एकर कोणी एका भावाने धरतं का? कोळशाचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या 150 पैकी 76 अब्ज टन हलक्या दर्जाचा कोळसा आहे, त्यातला बराचसा व्हिक्टोरियातला तपकिरी, निम्म्याहून जास्त पाणीच, तो खाणीशेजारच्या वीजकेंद्रातच जळतो, जहाजाने कुठे जात नाही, त्याला न्यूकॅसल या ऑस्ट्रेलियन बंदराचा एक्सपोर्ट भाव लावणं चूकच. उरला 74 अब्ज टन. आपल्याकडे 106 अब्ज टन दगडी कोळसा, पण राख 30-40 टक्के. वीजकेंद्रांना जाणारा जी-11 ग्रेड म्हणजे किलोमागे साधारण 4000 ते 4300 किलोकॅलरी उष्णता, न्यूकॅसलचा भाव ज्या कोळशाचा असतो तो 6000 चा. सगळा 4000 चा धरला तर 6000 च्या कोळशाच्या हिशेबात 106 चे होतात साधारण 71 अब्ज. म्हणजे 150 विरुद्ध 111 वाटणारा फरक 74 विरुद्ध 71 वर आला! अर्थात हे ढोबळ आहे, शिवाय ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या कोकिंग कोलला (पोलाद बनवायला लागणारा कोळसा) वेगळा, चढा भाव मिळतो, त्याची ओळ वेगळी करा.

भाव घेताना एका वर्षाचा घेऊ नका. न्यूकॅसलची सरासरी 2020 मध्ये टनाला 60 डॉलरच्या आसपास होती आणि 2022 मध्ये जवळपास 345, कोळसा तोच. पाच वर्षांची सरासरी घ्या, त्यासाठीचे भाव वर्ल्ड बँकेच्या मासिक तक्त्यात मिळतात. आणि भारताचा बहुतेक कोळसा कोल इंडियाच्या नोटिफाइड, म्हणजे कंपनीने आधीच जाहीर केलेल्या, भावाने जातो, तो खूप खाली असतो, त्यामुळे आंतरराष्ट्रीय भावाने किती आणि देशातल्या भावाने किती, दोन्ही दाखवा. महागाईचा परिणाम आधी ज्या त्या देशाच्या निर्देशांकाने काढून टाका, मग एकाच ठरावीक वर्षाच्या दराने डॉलर करा, नाहीतर रुपया घसरला की साठाच घटल्यासारखा दिसतो.

भावातून कोळसा खणून काढायचा खर्च वजा करा. रॉयल्टी (खाणवाल्याने सरकारला द्यायचा हिस्सा) मात्र खर्चात धरू नका, भारतात ती 14 टक्के आहे आणि पैसा देशातच राहतो, तो किमतीचाच भाग. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करायचा खर्च मात्र धरा.

शेवटचं पण सगळ्यात मोठं, वेळ. 2020 च्या वेगाने भारताचा साठा 147 वर्षं पुरतो, ऑस्ट्रेलियाचा 315. ऐकायला भारी वाटतं, पण उद्याचा पैसा आजच्यापेक्षा कमी मोलाचा म्हणून वर्षाला 4 टक्के डिस्काउंट धरला तर 50 वर्षांनी मिळणारे 100 रुपये आज 14 रुपये, 100 वर्षांनी मिळणारे फक्त 2. म्हणजे किंमत ठरते ती पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत दरवर्षी किती काढणार यावर, आणि तिथे 2020 मध्ये भारत 75 कोटी टनांच्या वर होता, ऑस्ट्रेलिया 48 कोटींच्या आत. शेकडो वर्षांचा साठा बघून भाचीने आधी ऑस्ट्रेलियाला डोळे झाकून वर ठेवलं होतं, ती ओळ तिने स्वतःच खोडली.

डिस्काउंट 3, 4 आणि 6 टक्के असे तीन धरून तीन ओळी काढा. आणि 2010 चा साठा दोन कॉलममध्ये लिहा, एक 2010 ला छापलेला आणि एक आजच्या माहितीने मागे जाऊन काढलेला, म्हणजे आजचा साठा अधिक मधल्या वर्षांत खोदलेला कोळसा.