दिवसाचा ओव्हर देवाला

पंधरा वर्षांच्या मुलाला “तुला देव जाणवतो का?” असं तोंडावर विचारू नका. तो “हो” म्हणणारच. समोर मी बसलेली, शेजारी पाळकसाहेब. दुसरं काय म्हणेल बिचारा?

नाशिकला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाच्या वर्गाची मुलं मी बघते; मोठं होताना स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायची ही तयारी. नर्सची नोकरी सगळी हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली, म्हणून मुलं मला सिस्टर-मावशी म्हणतात. या वयात त्यांची एक समजूत पक्की असते: देव जाणवणं म्हणजे अंगावर काटा येणं, कॅम्पच्या शेवटच्या रात्री गाताना डोळे भरून येणं. मग सोमवार उजाडतो, कॉलेज रोडचा क्लास, फिजिक्सची टेस्ट, आणि काटा काही येत नाही. आपल्यातच खोट आहे असं त्यांना वाटू लागतं.

शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघा. याकोब दगड उशाला घेऊन झोपला. परमेश्वर इथे होता आणि मला ठाऊकच नव्हतं, हे तो जागा झाल्यावर म्हणाला (उत्पत्ती 28). अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य मेलेल्यांतून उठलेल्या प्रभू येशूबरोबर बोलत चालले, पण ओळखलं भाकर मोडल्यावर, आणि लगेच तो दिसेनासा झाला (लूक 24). दोन्हीकडे उमगलं ते नंतर. म्हणून मुलांना डोळे मिटून जाणिवेची वाट बघत बसवू नका. मागे वळून बघायला शिकवा. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या येशूसंघीयांना (जेझुइटांना) दिवसातून दोनदा असंच मागे बघायला लावलं होतं. आम्ही प्रोटेस्टंट, पण चांगली सवय कुणाकडूनही घ्यावी.

मी मुलांना सांगते, झोपण्याआधी देवाला ओव्हर द्या. वॉर्डात ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला ओव्हर देतात: कुठल्या बेडचा पेशंट कसा आहे, सलाईन कुठवर आलं, रात्री कुणाकडे लक्ष ठेवायचं. पाल्हाळ नाही, लपवाछपवी तर नाहीच. मग घरी जायचं. वॉर्ड आता दुसऱ्याच्या हातात.

प्रश्न तीनच ठेवा. आज जीव कुठे हलका झाला? कुठे जड झाला? उद्याचं काय देवावर सोपवायचंय? पाच मिनिटं पुरतात. अंथरुणात पडून केलं तरी चालतं, फक्त मोबाईल दुसऱ्या खोलीत हवा. वहीत लिहायचं असेल तर लिहू दे, पण ती वही तुम्ही वाचायची नाही. आयांनो, हे खास तुम्हाला. वही तपासली जाते असा संशय आला की दुसऱ्या दिवसापासून तिच्यात “देवाचे आभार, सर्व छान” एवढंच सापडेल.

उत्तरं अगदी साधी येतात, आणि तशीच यायला हवीत. सिटीलिंकच्या बसमध्ये सुटे पैसे नव्हते, मागच्या काकूंनी तिकीट काढलं. मैत्रिणीकडे दिवाळीच्या फराळाला गेले, तिच्या आजीनं पहिली बशी माझ्यापुढे ठेवली. एवढ्यावर आपली जीभ वळवळते: “बघ, हाच देव!” गप्प राहा. फार तर विचारा, “तेव्हा तुला काय वाटलं?” मुलाच्या आधी तुम्ही देव ओळखून दाखवलात की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

दिवसा करायचं थोडकंच. जे रोज होतंच, त्याला एक वाक्य जोडायचं. बुटाची नाडी बांधताना, स्कूटीला किल्ली लावताना बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाचं “बोल, तुझा दास ऐकत आहे” पुरे. घरात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत असाल तर त्यातलं एखादं धृपदही चालेल.

“देव बघतोय हं!” हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. लहानपणी बिस्किटाच्या डब्यावर बसवलेला तो पहारेकरी सोळाव्या वर्षी जवळचा वाटत नाही.

आता अवघड भाग. जड झालेल्या गोष्टी ऐकताना घाई करू नका. मी वर्गाला आपल्या नाशिकमधल्याच शरणपूरची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने इथे ठेवली, शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा तिथे त्यांचं हृदय पुरताना दफनविधीचं वाचन त्यानं केलं. त्यांच्या मृतदेहासोबत तो इंग्लंडला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. मुलं कान टवकारून ऐकतात, आणि कुणीतरी विचारतंच: “त्याला आईबापापासून तोडलं, तेव्हा देव कुठे होता?” मी उत्तर देत नाही. स्तोत्र 13 काढायला लावते, तिथे दाविदाचाच प्रश्न आहे: परमेश्वरा, किती वेळ? मग म्हणते, रात्रीच्या ओव्हरमध्ये हेही चालतं. देवाला जाब विचारणारा मुलगा देवाशी बोलतोच आहे. मला काळजी वाटते ती गुळगुळीत उत्तरं देणाऱ्याची.

घरी काय करावं, असं पालक विचारतात. जेवताना आधी स्वतःचं सांगा. “आज ऑफिसात साहेब ओरडले, जड गेलं,” असं बाबांनी म्हटलं की मुलगा आपसूक बोलतो. नाही बोलला तर पोळी वाढा आणि विषय सोडा.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा आणि बारावीची परीक्षा एकाच सुमारास येतात. आमचीही मुलं मार्कांसाठी मेणबत्ती लावून येतात. हसू नका. एवढंच विचारा, मेणबत्ती लावताना शेजारी कोण उभं होतं, ते काय मागत होतं. पुष्कळदा मूल त्या अनोळखी माणसासाठीही प्रार्थना करू लागतं.

एक गोष्ट सिस्टर म्हणून सांगते. आठवडेच्या आठवडे “हलकं काहीच नव्हतं” असं येत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मूल मित्रांना टाळत असेल, तर “विश्वास कमी पडतोय” म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, प्रार्थना सोबत चालू ठेवा. जीव देण्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी न्या, आणि मुलाला एकटं सोडू नका.

आणि मधले दिवस चुकले तर मागचं भरून काढायला लावू नका. आजचाच ओव्हर द्यायचा.